सोनेगावच्या जमिनीची गोष्ट

यवतमाळहून वर्धामार्गे एस. टी. ने नागपूरला निघालो, की बुटीबोरी मागे पडते. मग खापरी येते. पुढे डाव्या हाताला विमानतळ लागतो. हीच सोनेगावची जमीन. आज शहर तिच्याही पुढे पसरले आहे. पूर्वी मात्र सोनेगाव हे नागपूरबाहेरचे एक खेडे होते.

विमान उतरवायला लांबच लांब सपाट जागा लागते. जवळ उंच इमारती चालत नाहीत. म्हणून विमानतळ गावाबाहेर करतात. दुसऱ्या महायुद्धात येथे लढाईची विमाने उतरत. युद्ध संपले, आणि जमिनीला वेगळेच काम मिळाले.

१९४९ साली रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चौघेही मध्यरात्री सोनेगावला येत. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हे जमे. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात. पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत! आपण झोपेत असू, आणि देशभरची पत्रे आपल्या विदर्भात हात बदलत. १९७३ साली ही सेवा बंद झाली.

२००२ साली सरकारने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली. विमानतळाला लागून कारखाने आणि कचेऱ्या उभ्या करायच्या, ही योजना. तिचे नाव मिहान. त्यासाठी शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची वावरे गेली. आज तेथे विमाने दुरुस्त करण्याचा कारखाना आहे, संगणकाच्या कंपन्या आहेत, आणि एम्सचा मोठा सरकारी दवाखाना आहे. आपल्या जिल्ह्यातले रोगीही तेथे जातात. काम चांगलेच झाले. पण ज्याचे वावर गेले, त्याला काय मिळाले, हेही विचारलेच पाहिजे.

तेव्हा १८९४ चा कायदा होता. बाजारभाव आणि त्यावर शेकडा ३० जास्त, असे त्यात होते. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. आता खेड्यातल्या जमिनीला बाजारभावाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो.

आता नीट ऐका. हा बाजारभाव ठरतो कसा? आसपासच्या जमिनींची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखते पाहतात. सरकारी दरही पाहतात. जो आकडा जास्त, तो धरतात. पुष्कळ लोक मुद्रांकाचे पैसे वाचवायला खरेदीखतात किंमत कमी लिहितात. वाचतात थोडे, पण त्या कमी आकड्याने साऱ्या गावाचा भाव पडतो. दुसरे म्हणजे सातबारा. बाप वारला आणि वारसांची नावे चढवली नाहीत, तर मोबदला अडकून पडतो. तलाठ्याकडे वारसाची नोंद करायला अर्ज आणि मृत्यूचा दाखला लागतो. तो अर्ज द्या, आणि पोच घ्या.