तोल सांभाळणारे छर्रे

टायर कितीही काटेकोर बनविला, तरी त्याच्या एखाद्या अंगाला दोन-चार तोळे वजन अधिक असतेच. ३५ इंची टायरच्या कडेला १०० ग्रॅम जास्त असले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तेथे सुमारे १७ किलो वजनाइतका ओढा पडतो, आणि त्याची दिशा सेकंदाला दहा वेळा गरगरते! हातातले स्टिअरिंग थरथरते ते यामुळेच.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे समोरच्या अंगाला, रिमच्या काठावर, धातूचे तुकडे ठोकणे. पण अमेरिकेत मोआबच्या खडकांवर गाड्या चढविणाऱ्यांचे हे तुकडे दगडांना घासून गळून पडतात. म्हणून तिकडचे काही हौशी लोक टायरच्या पोटातच काचेचे किंवा प्लॅस्टिकचे छर्रे सोडतात.

मोकळे छर्रे तोल कसा सांभाळणार? मौज इथेच आहे. भरवेगात असमतोल चाक आपल्या मध्याभोवती न फिरता जड बाजूकडे किंचित सरकलेल्या बिंदूभोवती फिरू पाहते. त्यामुळे हलकी बाजू त्या बिंदूपासून दूर पडते, आणि बाहेर फेकले जाणारे छर्रे नेमके तेथेच जमतात. कपडे धुण्याच्या काही यंत्रांत याच तत्त्वावर द्रवाने भरलेले कडे असते.

सावकाश चालीत मात्र छर्रे तळाशी लोळतात. पुढे काही वेगात तर उलट जड बाजूलाच धावतात! शिवाय टायर वेडावाकडा किंवा सांधे ढिले असतील, तर त्यांची मात्रा मुळीच चालत नाही. तेव्हा गाडी थरथरू लागली, तर आधी मेकॅनिक गाठावा; छर्‍यांचा विचार मागाहून.