गवताच्या पोटातले भाडेकरू

बांबू हे झाड की गवत? होस्टेलवर कुणालाही विचारून बघा, बहुतेक जण "झाड" म्हणतील. सरकारही तसंच म्हणायचं! १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये धरला होता; २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू त्यातून वगळला. वनस्पतिशास्त्रात मात्र तो पहिल्यापासून गवतच. म्हणजे बल्लारपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टीकडे एसटीने जाताना दिसणारा जंगलातला बांबू, बांध्यांमधला धान आणि माळावरची कुसळी ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी.

या घराण्याचं एक गुपित आहे. गवताचं पान कितीही हिरवंगार, निरोगी असो, त्याच्या आत बुरशी राहते. एक नाही, अनेक जातींची. पानाला काही त्रास न देता आत राहणाऱ्या अशा बुरशीला 'एंडोफाइट' म्हणतात. ती दिसणार कशी? पान अल्कोहोल आणि ब्लीचने धुऊन बाहेरचे जंतू मारायचे, तुकडे करून बटाट्याच्या अर्काच्या जेलीवर ठेवायचे. काही दिवसांत कापलेल्या कडांमधून कापसासारखे धागे बाहेर येतात. ज्या अशा वाढत नाहीत, त्या डीएनएवरून ओळखतात.

हे भाडेकरू फुकट राहतात का? सगळेच नाही. अमेरिकेत यलोस्टोनला गरम झऱ्यांच्या काठी एक गवत ६५ अंश तापलेल्या मातीत टिकतं. आपला मे महिना त्यापुढे काहीच नाही! पण त्यातली बुरशी काढली की गवत मरतं. २००७ साली तर कळलं की त्या बुरशीच्या आत एक विषाणू असतो आणि तोही नसेल तर हे जमत नाही.

आता खरा प्रश्न. या घराला अचानक भरपूर खत मिळालं तर? हेच बघायला जगभरच्या गवताळ प्रदेशांत प्रयोग चालतात. एका मोठ्या प्रयोगात दर चौरस मीटरला वर्षाला १० ग्रॅम नत्र देतात. आपण इंजिनिअर, हिशोब करू. एकराला साधारण ४० किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या. तिकडचा 'प्रयोग' म्हणजे आपल्याकडचं रोजचं शेत!

मुळांतल्या बुरशीचं उत्तर सरळ आहे. ती जमिनीतलं स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. स्फुरद आयतं मिळालं की वनस्पती तिला साखर देणं कमी करते. काम संपलं, खोली खाली करा! (पाणी साचलेल्या बांधीत ही बुरशी तशीही कमीच असते.)

पानातली गोष्ट जास्त गंभीर आहे. नत्र वाढलं की पान मऊ, रसाळ होतं, त्यातली सिलिका कमी होते. पीक दाट झाल्याने दंव उशिरापर्यंत टिकतं. मग आत शिरतो तो भाडेकरू नव्हे, दरोडेखोर. धानावरचा करपा हीसुद्धा बुरशीच. आधी पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके पडतात. पुढे लोंबीची मान काळी पडून मोडते, दाणा भरतच नाही. बांधी काळीभोर हिरवी दिसली म्हणून शेतकरी खूश होतो आणि वर्षाची कमाई हातची जाते.

उपाय महागडे नाहीत. युरिया एकदम न टाकता रोवणीपासून हप्त्याहप्त्याने द्यायचा आणि करपा दिसला की पुढचा हप्ता थांबवायचा. दुसरी गोष्ट राखेची. राइस मिलमध्ये तूस जाळून उरणाऱ्या राखेत सिलिका भरपूर असते. सिलिका मिळालेल्या धानाचं पान कडक होतं आणि करप्याला सहज शिरता येत नाही. ती राख मिलच्या मागे ढिगाने पडलेली असते. ती बांध्यांपर्यंत स्वस्तात कशी पोचवायची, किती टाकायची, कशी पसरवायची, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा कमी आणि आपल्या ब्रँचचा जास्त आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना?