वाचणाऱ्याला ऐकणारा हवा

मूल शाळेत जातं, म्हणजे त्याला वाचायला येणारच, अशी आपली समजूत असते. पण 'असर' या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या मुलांना त्यांच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०२२ साली देशभरात पाचवीतल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच तो वाचता आला. मग घोडं अडतं कुठे?

आपली लिपी सोपी, जसं बोलावं तसं लिहावं, असं आपण म्हणतो. ते बरंचसं खरंही आहे. पण जरा मुलाच्या डोळ्यांनी पहा. 'कि' म्हणताना आधी 'क', मागून 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी पुढे धावते! एकटा 'र' घ्या. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी जातो, आणि 'तऱ्हा'मध्ये आणखी तिसरंच रूप घेतो. घडाघडा बाराखडी म्हणणारं मूल इथे अडखळतं. एकेक अक्षर लावता लावता वाक्याचा शेवट येतो, तोवर आरंभ विसरलेला असतो. मग अर्थ हाती कसा लागावा?

याला उपाय एकच, रोजचं मोठ्याने वाचन. भरल्या वर्गात प्रत्येकाची पाळी रोज येत नाही. घरी ती येऊ शकते.

"पण आम्हीच शिकलेलो नाही," असं कोणी म्हणेल. अहो, अक्षर येत नसलं तरी भाषा येते ना? नातवाने 'घोडा'ऐवजी 'घडा पाणी पितो' असं वाचलं, तर आजी लगेच हसून म्हणेल, "अरे, घडा कधी पाणी पितो का?" की नातू मागे वळून सुटलेला काना-मात्रा शोधील. हे काम आजीच्या कानांनी केलं!

तेव्हा रात्रीची जेवणं झाली की दहा-पंधरा मिनिटं मुलाला जवळ घ्या. पुस्तक नसेल तर दिनदर्शिका, लग्नपत्रिका, काहीही चालेल. ते अडलं तर थोडं थांबा. तरी जमलं नाही आणि घरात कोणाला वाचता येत असेल, तर शब्द सांगून पुढे जाऊ द्या. रागावू मात्र नका; भ्यालेलं मूल पुस्तक मिटून टाकतं. वाचून झालं की एवढंच विचारा, "बरं, मग काय झालं?" मूल आपल्या शब्दांत सांगू लागलं, की समजा, त्याला वाचता येऊ लागलं आहे.