फाइल उघडंना झालीया!

‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ अर्काइव्ह!’ गेमिंगचा किडा चावलेल्या प्रत्येकाला हे चार शब्द कधी ना कधी भेटतातच. झकास मॉड शोधलेला असतो. नव्या गाड्या, नवे रस्ते, सगळा माहोल तयार. आणि फाइलच उघडत नाही! मग पब्लिक एकच उपाय करतं. डिलीट मारा, पुन्हा डाउनलोड करा. पण बॉस, थोडं डोकं लावलं तर रात्रही वाचते आणि डेटाही.

माझ्या आजऱ्याच्या मावसभावाचंच बघा. २००५ साली पीसीवर आलेला ‘जीटीए सॅन अँड्रियास’ अजूनही त्याचा जीव की प्राण. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लाइट गेली की राउटर बंद, डाउनलोड अर्धवट. लगेच मला पुण्यात फोन. ‘दादा, तीन डाव उतरवलो की, तरी उघडंना झालीया!’ मी एवढंच विचारलं, ‘साइज बघितलास?’ साइटवर १.८ जीबी, याच्याकडे १.१. विषय संपला!

फंडा काय?

झिपमधल्या सामानाची यादी फाइलच्या अगदी शेवटी असते. शेपूट तुटलं की यादीच गायब. ‘रिपेअर’ची कमांड उतरलेल्यातलं थोडंफार वाचवेल, पण जे उतरलंच नाही ते कुठून आणणार? त्यापेक्षा थांबलेलं डाउनलोड तिथूनच पुढे नेणारा डाउनलोड मॅनेजर वापरा.

साइज बरोबर, तरी अडतंय?

फाइल फक्त काही केबींची आहे? नोटपॅडमध्ये उघडा. ‘एचटीएमएल’ दिसलं तर मॉडऐवजी चक्क वेबपेज उतरलंय. खऱ्या झिपची सुरुवात ‘पीके’ या अक्षरांनी होते. आमिर खानचा संबंध नाही हं! १९८९मध्ये हा फॉरमॅट आणणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं.

‘पार्ट वन’, ‘पार्ट टू’ असे तुकडे असतील तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिलाच उघडा. सॉफ्टवेअर जुनं असेल तर २०१३मध्ये आलेला रार-५ फॉरमॅट त्याला कळतच नाही. फुकटातलं नवं सेव्हन-झिप टाका. ‘सीआरसी एरर’ आली तर आतली एखादी फाइल बिघडलीय. ती तशीच गेममध्ये ढकलू नका, गेम मध्येच लटकेल.

हे मात्र सीरियसली घ्या

विनरारच्या ६.२३च्या आधीच्या व्हर्जनमध्ये मोठं भगदाड होतं. मुद्दाम बिघडवून बनवलेल्या झिपमधल्या साध्या फोटोवर डबल-क्लिक केलं तरी लपलेला प्रोग्रॅम चालू व्हायचा. ऑगस्ट २०२३मध्ये ते बुजवलं गेलं, पण अपडेट आपणच करायचं असतं. भावाच्या त्याच पीसीवर मावशीचे काजूचे सगळे हिशेब आहेत. मॉड काय, पुन्हा मिळेल. हिशेब गेले तर?

तेव्हा अनोळखी साइटवरची फाइल आधी अँटिव्हायरसखालून काढा. मॉड टाकण्यापूर्वी गेमच्या मूळ फोल्डरची एक कॉपी बाजूला ठेवा. मग करा हवे तेवढे प्रयोग!