रिटर्नमध्ये न दिसणारं उत्पन्न
परदेशी पदवीचा हिशेब : लेखांक ७

मागच्या आठवड्यात सीएसएस प्रोफाइल, म्हणजे अमेरिकी कॉलेजांकडे आर्थिक मदत मागण्याचा अर्ज, भरून झालं. आता कॉलेजकडून ईमेल येईल : पालकांची आयकराची कागदपत्रं पाठवा. आतापर्यंतचे निबंध, परीक्षा, शिफारसपत्रं हे मुलांचं काम होतं. हे मात्र आईवडिलांच्या कपाटातलं काम आहे.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर घराला न झेपणारी रक्कम स्वतः उचलतात. बाकीची बरीच कॉलेजं प्रवेश ठरवतानाच ऐपतही बघतात. ‘झेपणारी रक्कम’ काढायची तर दोन्हीकडे प्रोफाइलमधले आकडे लागतात, आणि ते आकडे पटायला कागद लागतात.

नोकरदार घरात यादी छोटी असते : फॉर्म सोळा आणि रिटर्न. पण रिटर्न म्हणून बहुतेक जण पाठवतात ती एका पानाची पोच. आपल्याकडे कर्जापासून घरभाड्याच्या करारापर्यंत ती चालून जाते, म्हणून सवयीने तीच अपलोड होते. कॉलेजला हवा असतो संपूर्ण फॉर्म. आयकराच्या पोर्टलवर भरलेल्या रिटर्नच्या यादीत पोच आणि फॉर्म ही दोन वेगळी डाउनलोड असतात, त्यातला फॉर्म घ्या. कंपनीकडून आलेल्या फॉर्म सोळाला बहुधा पासवर्ड असतो. तो काढून नवी पीडीएफ करा, कारण तिकडे बसलेला माणूस तुमचा पॅन नंबर आठवून फाइल उघडणार नाही.

वर्षाचा घोळ ठरलेला. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेत कराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात आपल्या रिटर्नवर ठळक छापलेलं असतं ते निर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या पुढचं. २०२४-२५ ची कमाई ज्या कागदावर आहे त्यावर २०२५-२६ लिहिलेलं दिसतं. कॉलेजने २०२४ चा कागद मागितला की घरात वाद सुरू होतो. सोबत दोन ओळींचं पत्र जोडा : हा कागद अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या कमाईचा आहे. वाद मिटला.

इथवर कारकुनी झाली. खरी अडचण पुढे आहे. रिटर्न हा करासाठी केलेला कागद आहे. ज्यावर कर नाही ते त्यात कोपऱ्यात जातं, किंवा जातच नाही. कॉलेजात आर्थिक मदत ठरवणाऱ्या एड ऑफिसला मात्र कराशी देणंघेणं नाही, घरात पैसा किती येतो ते बघायचं असतं. प्रोफाइलमध्ये कर न लागणारं उत्पन्नही विचारतात ते याचसाठी.

समजा, वडील सांगली जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षक, आई घरी, आणि वडिलांच्या नावावर चार एकर ऊस. पगार फॉर्म सोळावर आला. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून घरात कुणाच्या मनातही ते ‘उत्पन्न’ नसतं. पण कारखान्याकडून उसाचं बिल जमा होतं ते त्याच बँक खात्यात, आणि कॉलेजने पुढे खात्याचं स्टेटमेंट मागितलं तर त्या नोंदी पगाराच्या शेजारीच दिसतात. मग प्रश्न येतो, आणि तो आल्यावर उत्तर देणं हे लपवल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा उसाचं बिल, त्यातून वजा होणारा खत, पाणी आणि मजुरीचा खर्च, आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आधीच द्या. खर्च वजा जाता उरणारा आकडा पुष्कळदा तुमच्याच बाजूने बोलतो. पीपीएफचं व्याज, आजोबांकडून दर वर्षी येणारी रक्कम, यांनाही हाच न्याय.

दुकानदाराची गोष्ट उलटी. अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीत उलाढालीच्या आठ टक्के, डिजिटल व्यवहार असतील तर सहा टक्के, नफा दाखवून रिटर्न भरता येतं, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. एड ऑफिस नेमका नफा-तोट्याचा हिशेब मागू शकतं. सीएकडून तो आत्ताच करून घ्या, मुदतीच्या आदल्या रात्री सीए फोन उचलत नाहीत.

ज्यांच्या घरी फक्त शेती आहे आणि रिटर्नच भरलेलं नाही, त्यांनी तसं लेखी कळवायचं. सोबत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू शकतो. पण हा दाखला कुठल्या कामासाठी, कुणी आणि कसा काढला, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फी-सवलतीसाठी काढलेला आणि बँकेच्या स्टेटमेंटशी न जुळणारा दाखला पाठवू नये, हे माझं स्पष्ट मत.

भाषांतर करताना स्वल्पविराम सांभाळा. १२,५०,००० हा आकडा तिकडच्या वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटतो. प्रोफाइल रुपयांतच भरता येतं, मग सोबतच्या कागदातही रुपयेच ठेवा. मध्येच डॉलर आणलेत की कुठल्या दिवसाचा भाव धरला हे सांगत बसावं लागतं.

अमेरिकेत जन्मलेली आणि आता पुण्या-ठाण्यात वाढणारी मुलं या मालिकेच्या वाचकांच्या घरात बरीच आहेत. ती नागरिक असल्यामुळे फाफ्सा हा सरकारी अर्ज त्यांना खुला आहे. पालकांकडे तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी त्यांचं खातं उघडता येतं. तिकडे रिटर्न भरणाऱ्या पालकांचे आकडे करखात्याकडून थेट अर्जात येतात, भारतातल्या रिटर्नचे मात्र हाताने भरायचे, आणि तिथे डॉलरमध्येच.

एड मंजूर झाली की उरलेल्या खर्चासाठी पैसे आहेत हे दाखवायला सांगतात, त्याशिवाय व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी हा कॉलेजचा फॉर्म निघत नाही. मग सीएकडून नेट वर्थचा दाखला येतो : फ्लॅट, सोनं, जमीन, मामाची एफडी, सगळं भरघोस. ज्या फ्लॅटची किंमत प्रोफाइलमध्ये साठ लाख लिहिली, ती या दाखल्यात सव्वा कोटी होते, आणि दोन्ही कागद एकाच कॉलेजात पोचतात. सीएकडे जाताना प्रोफाइलची प्रत बरोबर न्या. मामाची एफडी कशी दाखवायची, ते पुढच्या आठवड्यात.