पॅकेटच्या पाठीवरचं जेट

हवाई दलाच्या जुन्या पॅकेट विमानाचं छायाचित्र पाहताना नजर अडली ती त्याच्या पाठीवर. दोन पंखांवर दोन भलीमोठी पंख्यांची इंजिनं होतीच. मग खोक्यासारख्या पोटाच्या वर हे तिसरं नळकांडं कशाला? तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीचं हे सी-११९ विमान पहिल्यांदा उडालं १९४७ साली. शेपटी दोन दांड्यांवर पेलल्यामुळे पोटाची मागची बाजू मोकळी राहिली. मागची दारं काढून ठेवली की उडत्या विमानातून सामान सरळ खाली लोटता येई. डिसेंबर १९५० मध्ये कोरियाच्या बर्फात अडकलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी या विमानांनी पुलाचे आठ सुटे भाग पॅराशूटने उतरवले. अख्खा पूल आभाळातून आला!

भारताकडे पॅकेट आलं १९५४ मध्ये, आणि त्याची खरी कसोटी लागली ती लडाखला. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखही कमी उचलतात. त्यात एक इंजिन बंद पडलं तर भरलेलं विमान दुसऱ्याच्या जिवावर डोंगरांवर चढणार कसं? म्हणून पाठीवर छोटं जेट चढवलं. उड्डाणाच्या वेळी आणि अडीनडीला जोर द्यायला. पुढे त्या जागी ऑर्फियस आलं. ग्नॅट या लढाऊ विमानाचं हे इंजिन बंगळुरूला एचएएल या विमान कारखान्यात बनत असे. लढाऊ विमानाचा जीव मालवाहूच्या पाठीवर!

१९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं. उंची सुमारे १६,६०० फूट. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या साठ टक्क्यांच्या आसपासच दाट. उतरण्याइतकंच तिथून पुन्हा उठणं जोखमीचं होतं, हे मनात आलं की आजही छाती दडपते.

जेटमुळे पंखांवरच्या इंजिनांचं मूळ दुखणं मात्र गेलं नाही. राइट कंपनीच्या या प्रत्येक इंजिनात अठरा सिलिंडर, नऊ पुढे, नऊ मागे. मागच्या ओळीला गार वारा कमी, म्हणून तापण्याची भीती. सिलिंडरमागे दोन प्लग, म्हणजे एका विमानाला बहात्तर. हे सगळं तळावरच्या मेकॅनिकच्या हातून जायचं. आत दाबयुक्त हवा नाही. दारं काढलेल्या पोटात, प्राणवायूचा मास्क लावून, जवान पिठाची पोती दरीत लोटत.

पॅकेट ऐंशीच्या दशकात निवृत्त झालं. दौलत बेग ओल्डीची धावपट्टी त्याआधीच, १९६५ नंतर, सुनी पडली होती. ३१ मे २००८ रोजी तिथे पुन्हा विमान उतरलं, एएन-३२. त्यालाही इंजिनं दोनच, आणि पाठ मोकळी.