किहीमचा पावसाळा

मृगाचा पाऊस स्थिरावला, भाताचे दाढ हिरवे झाले, की अलिबाग तालुक्यातल्या शिंदी-माडांच्या झावळ्यांवर सुगरणींची लगबग सुरू होते. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव बहाल केले असले, तरी चोचीने पात्यांचे धागे काढून घरटे विणतो तो नर. मादी येते, ती घरटे पारखायला. अष्टागरातल्या शेतकऱ्याला हे दृश्य पिढ्यान् पिढ्या परिचयाचे. परंतु त्यामागचा सारा व्यवहार दिवसामागून दिवस न्याहाळून शास्त्रीय शिस्तीने नोंदवला गेला, तो १९३०च्या पावसाळ्यात, किहीम या गावी. नोंदी करणाऱ्या गृहस्थांना त्या वेळी नोकरी नव्हती, त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि वय चौतिसाव्या वर्षात होते. त्यांचे नाव सालिम अली.

पुढे 'भारताचा पक्षीपुरुष' म्हणून जगन्मान्य झालेल्या या माणसाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्या कीर्तीच्या आधीची वर्षे मात्र सहसा कोणी आठवत नाही. वास्तविक सामान्य माणसाला उपयोग आहे तो त्या वर्षांचाच. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या आणि आईबापांवाचून मामांच्या घरी वाढलेल्या सालिमने खेळातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता, या कुतूहलापोटी मुलगा मामांच्या सांगण्यावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटच्या कपाट उघडले, आणि आयुष्यभराची ओढ त्या दिवशी जडली. हे साल १९०८चे. या ओढीचे जीवितकार्य व्हायला मात्र पुढची बावीस वर्षे जावी लागली.

ती का लागली? कारणे सारी प्रतिष्ठित होती. महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेले, आणि शिक्षण अर्धवट टाकून तरुण सालिम ब्रह्मदेशात तावॉय येथे गेला. कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणींचा आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळणे हे कर्तव्य होते, आणि कर्तव्यापुढे छंदाची काय मातब्बरी? १९१७ साली मुंबईस परतल्यावर पोटापाण्याकडे पाहून व्यापारी कायदा आणि हिशेबनिसी शिकून झाली. सेंट झेविअर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनामुळे त्याच काळात प्राणिशास्त्राचा एक अभ्यासक्रमही पुरा झाला, हे खरे. पण तो आवडीचा भाग झाला. लग्नानंतर पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा व्यवसाय, आणि अखेर त्या व्यवसायाचे दिवाळे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही.

पदवीअभावी मिळालेला नकार हा फार घातक असतो. तो माणसाच्या मनात आधीपासून वसलेल्या शंकेवर अधिकृत शिक्का मारतो. आपण या कामाचे नव्हेच, ही भावना स्वतःपुरती असते तोवर तिच्याशी झगडता येते. तीच गोष्ट कचेरीच्या कागदावर उतरली की झगडण्याचे बळ सरते. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, नव्या निसर्गविभागात सालिम अलींना मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पगार दरमहा ३५० रुपये. त्या नोकरीतून रजा काढून ते बर्लिनला गेले आणि प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्यापाशी पक्षिशास्त्राची शिस्त शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. ज्ञान पदरी पडले, आणि ते वापरण्याचे ठिकाण हातचे गेले.

अशा वेळी सालिम आणि त्यांच्या पत्नी तहमीना हे दोघे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील किहीम गावी येऊन राहिले. आप्तांचा या गावाशी जुना संबंध होता, आणि मुंबईच्या मानाने खर्च थोडा होता. दुसऱ्या एखाद्याने ते दिवस अर्ज लिहिण्यात आणि नशिबाला बोल लावण्यात घालवले असते. सालिम अलींच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची एक वसाहत होती. त्यांनी तिचे निरीक्षण आरंभले. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नव्हती, अनुदान लागत नव्हते, पदवी तर नाहीच नाही. डोळे, वही आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर पावसाळाभर काम चालले.

त्यातून हाती आले ते अपूर्व होते. सुगरणीचा नर घरटे अर्धेच विणतो. शिरस्त्राणासारखा आकार आला, अंड्यांची जागा आणि प्रवेशाचे तोंड वेगळे कळू लागले, की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने पसंत केले, तरच नर ते घरटे पुरे करतो आणि त्याला लांब नळी जोडतो. मादी अंड्यांवर बसली की शेजारी दुसरे घरटे सुरू होते, आणि दुसऱ्या मादीशी संसार मांडला जातो. नापसंत घरटी अर्धवटच राहतात. झाडांवर लोंबणाऱ्या त्या अर्ध्या घरट्यांचे कोडे अशा रीतीने उलगडले. १९३१ साली हा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला आणि जाणकारांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आत्मविश्वास आला म्हणून सालिम अलींनी काम सुरू केले, असा क्रम दिसत नाही. काम घडत गेले, आणि त्याच्यामागून विश्वास आला. निबंधानंतर त्यांनी संस्थानांपुढे ठेवलेला प्रस्ताव पाहावा: प्रवासखर्च आणि शिबिराचा खर्च तेवढा द्यावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करून देऊ. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा संस्थानांच्या पाहण्या यातून झाल्या. जो समाज नोकरी देत नव्हता, त्याच्याकडे नोकरी न मागता त्यांनी फक्त कामाची परवानगी मागितली. स्वतःविषयीच्या शंकेने ग्रासलेला माणूस नेमके उलटे करतो. आधी मान्यता मिळावी, मग आरंभ करू, असे तो म्हणत राहतो. आणि आरंभच नसल्यामुळे मान्यता येत नाही.

यावर एक आक्षेप सरळ आहे, आणि तो टाळून चालणार नाही. किहीमला राहायला घर होते, पाठीशी प्रतिष्ठित घराणे होते, आणि ओढग्रस्तीतही पतीच्या वेडाला साथ देणारी, त्याच्या लेखनाची भाषा सुधारणारी पत्नी होती. रेवसच्या धक्क्यावरून सकाळची लाँच पकडून मुंबईच्या कचेरीत जाणाऱ्या कारकुनाने, घरात आजारी माणूस असलेल्या शिक्षकाने, चूल आणि मूल यांतून घटकाभरही न सुटणाऱ्या गृहिणीने या उदाहरणापासून काय घ्यावे? परिस्थितीची अडचण आणि मनाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दुसरीचे नाव देऊन 'इच्छा असली की सारे होते' असे सुनावणे हा कष्टकऱ्यांचा उपमर्द होय.

आणि तरीही लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मराठी वाचकाने विसरू नये. १८६८ साली जन्मलेल्या या बाईंनी शाळा पाहिली नाही. लग्नानंतर रेव्हरंड टिळकांच्या आग्रहाने अक्षरओळख झाली ती तेवढी. पतीचे धर्मांतर, ताटातूट, दारिद्र्य, सारे सोसून झाले. टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी तडीस नेले. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा वय पासष्टीच्या पलीकडे होते. आपली बोलीच लेखणीने उतरवली तर तिला साहित्य म्हणतील काय, या शंकेला त्यांच्याइतकी सबळ कारणे क्वचितच कोणापाशी असतील. ते पुस्तक आज मराठी आत्मचरित्रांचे भूषण मानले जाते. त्यांच्यापाशी किहीमचा निवांतपणा नव्हता. दोघांत समान होते ते एवढेच, की जे हाताशी होते त्यातूनच दोघांनी आरंभ केला. एकाच्या दारी पक्ष्यांची वसाहत होती, दुसरीच्या पदरी तोंडची भाषा आणि आठवणी होत्या.

या किनाऱ्यावरच्या किती शिक्षकांच्या ट्रंकेत आगरी-कोळी बोलीतील शब्दांच्या वह्या पडून असतील, किती कारकुनांच्या घरी कापड पांघरलेली पेटी असेल! परिस्थितीची जी अडचण खरी आहे, ती हटवण्याचे काम समाजाचे आहे. गावातले ग्रंथालय संध्याकाळी उघडे असणे, रात्रशाळा टिकणे, या क्षुल्लक बाबी नव्हेत. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, ते याच जाणिवेतून. पण मुक्त विद्यापीठाचे दार उघडे असले तरी उंबरठा ज्याचा त्याने ओलांडायचा असतो. 'या वयात शिकून काय करायचे' हा प्रश्न तिथे शेजारी विचारतात त्यापेक्षा माणूस स्वतःलाच अधिक वेळा विचारतो.

सालिम अलींचे पहिले मोठे पुस्तक १९४१ साली आले, तेव्हा त्यांची चव्वेचाळिशी उलटली होती. तहमीना त्याआधी दोन वर्षे निवर्तल्या होत्या. डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने लिहिलेला दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तो पुरा झाला तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरीला टेकले होते. ज्यांच्यापाशी पदवी नव्हती त्यांना अलीगढ, दिल्ली आणि आंध्र या विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८७ साली ते गेले.

एका पावसाळ्याचा रिकामा वेळ ज्याने रिकामा जाऊ दिला नाही, त्याला पुढची पाच दशके पुरली नाहीत. किहीमला आजही मृगानंतर सुगरणीचा नर पहिले पाते चोचीत धरतो. घरटे पसंत पडेल की नाही, हे त्याला तेव्हा ठाऊक नसते.